कधी कधी म्हणजे कधी?

ज्योत्स्नाताई पुराणिक गेल्या त्या दिवशी व्यास साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर हिंदीत दोन ओळी टाकल्या. ‘शांत, मिलनसार, सबको साथ लेकर चलने वाली.’ खाली रांगेने सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. मग फोन उलटा ठेवला आणि मला इतका संताप आला की ताटावरून उठलो.

त्या शांत नव्हत्या. मिलनसार तर मुळीच नव्हत्या. आणि सगळ्यांना बरोबर घेऊन निघायची वेळ आली तेव्हा आमच्यातलं एक जण सोडून कुणीही जागचं हललं नाही. हे व्यास साहेबांना पक्कं माहीत आहे आणि त्यांच्या खालोखाल मला. अशा आम्ही दोघांनी मिळून त्या बाईला मेल्यावर गोड करून टाकावं, हे मला सहन झालं नाही. म्हणून हे लिहितोय.

आमची कंपनी इंदूरला, सांवेर रोडवर. खाली शेडमध्ये औषधांच्या फ्रिजवर बसवायचे डबे जुळवतात आणि वरच्या मजल्यावर आम्ही त्या डब्यांचा प्रोग्रॅम लिहितो. डबा फ्रिजमधलं तापमान बघत राहतो आणि माल गोठायला लागला की भोंगा वाजवतो. एकच प्रोग्रॅम तीन ठिकाणी चालावा लागतो: डब्यातल्या छोट्या बोर्डावर, स्टोअरकीपरच्या विंडोज कॉम्प्युटरवर आणि आमच्या लिनक्स सर्व्हरवर. कुणी एक ओळ जरी बदलली तरी एक मशीन तिन्हींसाठी आपोआप नवा बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅमची चालती प्रत, तयार करतं, त्याच्यावर ढीगभर टेस्ट चालवतं आणि भिंतीवरच्या टीव्हीवर तीन दिवे दाखवतं. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. त्या मशीनच्या ज्योत्स्नाताई मालकीण होत्या. कंपनीच्या कागदांवर काही वेगळंच पद लिहिलेलं असेल, पण आम्ही मालकीणच म्हणायचो, अर्थात मागे.

बुटक्या, पन्नाशीच्या, चष्मा कायम कपाळावर चढवलेला. बडा गणपतीजवळ आई आणि त्या, दोघीच राहायच्या. जेवणाच्या डब्यात काहीही असो, त्यावर जीरावन, तो इंदुरी मसाला, भुरभुरायच्या. साध्या वरणभातावरसुद्धा. समोरच्याला विचारायच्या, “घेतो का?” आणि त्याने नको म्हटलं तर तो माणूस त्यांच्या मनातून उतरायचा.

त्यांच्यापुढे ‘कधी कधी’ हा शब्द काढायची सोय नव्हती. नवीन आलेला माणूस हमखास सापडायचा. “मॅडम, वो टेस्ट कभी कभी फेल हो जाती है.”

“कभी कभी म्हणजे कधी?” ताई मराठी-हिंदीची खिचडी करून विचारायच्या. “सोमवारी? मंगळवारी? एकादशीला? मशीन आहे भिया, तिला मूड नसतो. मूड तुझा आहे. जा, कधी ते शोधून ये.”

लॉग वाचायची त्यांची पद्धत सगळ्यांना पाठ होती. टेस्ट पडली की मशीन लांबलचक मजकूर ओकतं. आम्ही सगळे सरळ तळाशी जायचो आणि शेवटची ओळ वाचायचो. ताई गुन्हेगाराला खुर्चीशेजारी उभा करायच्या आणि वरपासून मोठ्याने वाचायला लावायच्या. “शेवटची ओळ काय बघून राहिलास? शेवटी तर सगळेच मरतात. आधी कोण मेलं ते बघ.” तो वाचत असताना त्या डोळे मिटून ऐकायच्या, आणि मध्येच टेबलावर थाप पडायची. “थांब! इथे. हा पहिला.” बहुतेक वेळा पहिला तोच असायचा.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण चुकायच्याही. आणि चुकायच्या त्याही तेवढ्याच जोरात. प्रीती जैन म्हणून आमची एक सहकारी होती, दोन लहान मुलं घरी ठेवून यायची. एकदा विंडोजचा बिल्ड लागोपाठ पडू लागला आणि प्रीतीने त्याच सुमारास एक फाइल बदलली होती. ताईंनी तिला अख्ख्या मजल्यासमोर झापलं. “घरचं सगळं घरी ठेवून यावं माणसाने!” हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. प्रीती जिन्यात जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी निघालं की विंडोजच्या मशीनवरचा अँटीव्हायरस नवी फाइल तयार झाल्या झाल्या तपासायला धरून ठेवत होता, म्हणून पुढच्या पायरीला ती मिळत नव्हती. प्रीतीचा काही संबंध नव्हता. आणि तो अँटीव्हायरस ताईंनीच चालू करून ठेवला होता.

आम्हाला वाटलं, आता जिन्यात बोलावून हळूच सॉरी म्हणतील. ताई मजल्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. “सगळे इकडे बघा. काल मी प्रीतीला बोलले ते खोटं होतं. चूक माझी होती. आणि घरावरून बोलले ती तर बदमाशी होती.” आवाज आदल्या दिवशीइतकाच. प्रीतीला आदल्या दिवसापेक्षा जास्त लाज वाटली. ती पुटपुटली, “मॅडम, रहने दो ना.” “काय रहने दो? झापताना मी रहने दिलं होतं का?”

आता पोह्यांचं सांगतो. आमच्याकडे रिवाज होता की रिलीजच्या, म्हणजे नवा प्रोग्रॅम बाहेर पाठवायच्या, सकाळी तिन्ही दिवे हिरवे झाले की व्यास साहेबांकडून सगळ्यांना पोहे-जलेबी. कोपऱ्यावरचा पोहेवाला ओळखीचा होता. पुढे पुढे असं झालं की पोहे आधीच सांगून ठेवायचे आणि दिवे नंतर बघायचे. पोहे वर आले आणि बोर्डाचा दिवा लाल असला की कुणीतरी ओरडायचं, “अरे, फिर से चला दे यार, ठंडे हो रहे हैं!” पुन्हा चालवलं की बहुतेक वेळा हिरवा. टाळ्या. वर शेव, लिंबू, जलेबी. ताईंना हा प्रकार अजिबात खपायचा नाही. त्या असल्या दिवशी पोहे खायच्या नाहीत, आणि खाणाऱ्याच्या प्लेटकडे अशा बघायच्या की घास घशात अडकावा.

त्यांच्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा त्या बरेच दिवस रजेवर होत्या. त्या काळातला रिलीज मी केला. नवा, स्वस्त बोर्ड आला होता आणि त्या बोर्डाचा हा पहिलाच रिलीज. टीव्हीवर तिन्ही दिवे हिरवे होते, पण आत उघडून बघितलं तर दिसत होतं की बोर्डाची एक टेस्ट दोनदा पडली आहे आणि तिसऱ्यांदा पास झाली आहे. मी ते बघितलं होतं. मनात म्हटलं, कधी कधी होतं. डबे शेडमधून बाहेर पडले, आसपासच्या गावांतल्या दवाखान्यांत, लशींच्या फ्रिजवर बसले. त्यांतले काही मी स्वतः बसवून आलो.

ताई परत आल्या त्या पुढच्याच रिलीजच्या सकाळी. पोहे टेबलावर होते, दिवे हिरवे होते. त्यांनी पर्स खाली ठेवली, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि टीव्हीकडे न बघता मशीनच्या आत शिरल्या.

“बोर्डाची ही टेस्ट दोनदा पडली. हिरवा कुणी दाखवला?”

“आपोआप होतं ते,” मी म्हटलं. “तीनदा चालवून बघायची सेटिंग आहे. एकदा पास झाली तरी पास धरतं.”

“हो का? कुण्या गाढवाने घातली ही सेटिंग?”

त्यांनी शोधलं. मशीन प्रत्येक बदलापुढे बदलणाऱ्याचं नाव दाखवतं. नाव त्यांचंच होतं. फार पूर्वी आमच्या भागात वीज सारखी जायची आणि टेस्ट चालू असतानाच बोर्ड बंद पडायचा, तेव्हा यूपीएस येईपर्यंत म्हणून त्यांनी घातली होती. यूपीएस आला. सेटिंग काढायची राहून गेली.

मला अजूनही आठवतं, त्या खुर्चीतून कशा उठल्या. कुणीतरी हसत म्हणालं, “लो मैडम, गाढव मिल गया.” ताई हसल्या नाहीत. “हो. मीच. माझ्या आळसाने हे मशीन इतकी वर्षं खोटं बोललं आणि तुम्ही त्यावर पोहे खाल्ले. पण मिलिंद, मला दिसत नव्हतं. तुला तर दिसलं होतं ना?”

मी म्हटलं, “दिसलं होतं.”

“मग?”

त्यांनी सेटिंग काढली. दिवा लाल झाला आणि लालच राहिला. पोहेवाल्याच्या टोपल्यावर कुणीतरी झाकण टाकलं.

नंतरचं काम त्यांनी एकटीने केलं, आणि माझ्या देखत, कारण मला शेजारी उभं केलं होतं. ती टेस्ट दर वेळी फ्रिजचं तापमान स्वतःच्या मनाने उचलायची, कधी पाच, कधी एक, कधी शून्याच्या खाली. ताईंनी पडलेल्या सगळ्या वेळा मला मोठ्याने वाचायला लावल्या. मी वाचत गेलो. उणे एक. उणे तीन. उणे दोन. पाचव्या-सहाव्या ओळीला मी थांबलो.

“वाच ना,” ताई म्हणाल्या. “आता सापडलं ना तुझं कधी कधी?”

त्यांनी हाताने उणे दोन घातलं. विंडोजवर उणे दोन दिसलं. लिनक्सवर उणे दोन. बोर्डावर दोनशे चोपन्न. प्रोग्रॅममध्ये तापमान ज्या छोट्या खान्यात ठेवलं होतं, त्या खान्यात उणे आकडे येणार आहेत हे स्पष्ट सांगायला लागतं. दोन्ही कॉम्प्युटर न सांगता समजून घेत होते. नवा बोर्ड घेत नव्हता, तो उणे आकडा दोनशे छप्पन्नातून वजा करून दाखवत होता. चूक एका शब्दाची होती आणि ती दुरुस्त करायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

खरी भीती पुढे होती. आमचा प्रोग्रॅम शंभराच्या वरचा आकडा आला की समजायचा, तार ढिली झाली असेल, आणि तो सोडून आधीचा आकडाच दाखवत राहायचा. म्हणजे फ्रिज शून्याखाली गेला की पडद्यावर शून्यच राहणार. डब्यावरचा पिवळा दिवा लागणार, पण तो तर दार उघडं राहिलं तरी लागायचा, त्याच्याकडे कुणी बघत नाही. भोंगा शून्याच्या खाली वाजायचा. तो वाजणारच नाही. काही लशी एकदा गोठल्या की बाद होतात आणि बाटली हातात घेऊन ते सहज कळत नाही. ज्या एका कामासाठी लोकांनी आमचा डबा घेतला होता, नेमकं तेच एक काम तो करत नव्हता.

व्यास साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. साहेब वाईट माणूस नाहीत, हे मला लिहायलाच हवं, आणि त्यामुळे मला जास्तच राग येतो. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, “बढ़िया पकड़ा, पुराणिकजी. अगले वर्जन में चुपचाप डाल देंगे.”

“चुपचाप का?”

“अरे, लोग घबरा जाएँगे. ऑर्डर रुक जाएगा. अभी तक एक शिकायत आई है क्या?”

“शिकायत कशी येईल, व्यासजी? भोंगाच वाजत नाही तर शिकायत कोण करेल? बच्चे करेंगे, जिनको पानी का इंजेक्शन लगेगा?”

“आप इमोशनल हो रही हैं.”

“मैं गुस्सा हो रही हूँ,” ताई म्हणाल्या. “दोनों में फरक है.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “मिलिंद, तुम बताओ. इतना अर्जेंट है?”

मी म्हणालो की मला वाटतं, दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितोय. त्या खोलीत दोन बाजू नव्हत्या. एका बाजूला फ्रिज होते आणि दुसऱ्या बाजूला आमची भीती. ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या उठल्या, आपल्या टेबलावर गेल्या आणि सगळ्यांसमोर, आपल्याच मोबाइलवरून, दवाखान्यांना फोन लावायला लागल्या.

“भिया, नमस्ते. इंदौर से पुराणिक बोल रही हूँ. वो जो फ्रिज पे हमारा डब्बा है ना, उस पे आज से भरोसा मत करो. हाँ, हमारा ही. गलती हमारी है. घर का, बाजार का, जो थर्मामीटर मिले वो अंदर रखो और अभी देखो. नहीं, कल नहीं. मैं फोन पे हूँ, देख के आओ.”

आणि खरंच फोन धरून बसायच्या. पलीकडचा माणूस जाऊन आकडा बघून येईपर्यंत पेन्सिलीचं टोक टेबलावर आपटत राहायच्या. व्यास साहेब केबिनच्या दारात येऊन दोनदा “पुराणिकजी, पुराणिकजी” म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, “ये कंपनी का मामला है.” ताईंनी फोनवर हात ठेवून सांगितलं, “मग कंपनीने करावे फोन. मी बाजूला होते.” कंपनी केबिनमध्ये परत गेली आणि दार लावून बसली.

दोन फोनांच्या मधे त्या मला म्हणाल्या, “अर्धे तू कर.”

मी म्हटलं, “साहेबांना एकदा विचारून घेतो.”

“विचार. आणि लशींना पण निरोप दे, तोपर्यंत थांबा म्हणावं.”

प्रीतीने स्वतःचा फोन काढला आणि त्यांच्या शेजारी बसली. जिला त्यांनी सगळ्यांसमोर रडवलं होतं, ती बसली. मी खरंच साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, जरा देखते हैं. मीही मग जरा बघत राहिलो.

आता मला जे लिहायला सगळ्यात जड जातं ते लिहितो. त्या फोनांतून काहीही निघालं नाही. सगळीकडे फ्रिज ठीक होते, माल ठीक होता. व्यास साहेब नंतर प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणायचे, “देखो, कुछ हुआ? खामखा का हल्ला.” आणि मी किती तरी दिवस तेच वाक्य मनाशी घोळवत झोपलो. काही झालं नाही ना. आज मला ते वाक्य ऐकलं की मस्तक फिरतं. तिसऱ्यांदा टेस्ट पास झाली म्हणून टाळ्या वाजवणं आणि फ्रिज योगायोगाने गोठले नाहीत म्हणून स्वतःला माफ करणं, यात मला आता काडीचाही फरक दिसत नाही. दोन्हीकडे आम्ही फक्त वाचलो होतो, आणि वाचलो म्हणजे बरोबर होतो असं धरून चाललो.

ताईंनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. द्यायला लावला असं कुणी म्हणणार नाही, कारण तसं कुणी काही बोललंच नाही. फक्त त्यांना मीटिंगला बोलवायचं बंद झालं. मशीनचा ताबा माझ्याकडे आला, नंतर पगारही वाढला. त्या पुढे कुठल्याशा कॉलेजात शिकवायच्या, असं ऐकलं होतं. मी अन्नपूर्णेला राहतो, त्या बडा गणपतीला. जाण्यासारखं अंतर होतं. मी गेलो नाही.

त्या फोनांच्या दिवशी एकच जागा राहिली होती. सांवेरच्याही पुढे, आत एका गावात, धर्मादाय दवाखाना. तिथल्या स्टोअरकीपरचा फोन बंद होता. ताई दुपारभर लावत होत्या. शेवटी फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, “जाऊन येते.” तिथेही पुढे काही निघालं नाही, हे वर सांगितलंच आहे. पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनाही नाही, मलाही नाही.

मी त्यांच्या मागोमाग खाली उतरलो. का, ते माहीत नाही. गेटपाशी ऊन होतं, ट्रक आत-बाहेर होत होते. त्यांनी स्कूटर काढली, ओढणी कमरेला खोचली, हेल्मेट चढवलं. दुसरं हेल्मेट, प्रीतीचं, माझ्यापुढे धरलं.

“चल. तो डबा तू बसवलास ना? तुला रस्ता माहीत आहे.”

“ताई, चारला साहेबांनी बोलावलंय.”

हेल्मेट त्यांनी हँडलला अडकवलं आणि विचारलं, “बरं. कसं जायचं सांग.”

आणि मी सांगितलं. फार नीट सांगितलं. सरळ हायवेने जायचं, सांवेर मागे टाकायचं, मग पेट्रोल पंप येतो, तिथे नाही वळायचं, त्याच्या पुढे लिंबाचं मोठं झाड आहे, त्याखाली पंक्चरवाला, तिथून डावीकडे कच्चा रस्ता. शाळा ओलांडली की दवाखाना. कुठे चिखल असतो, कुठे कुत्री अंगावर येतात, तेसुद्धा सांगितलं. एकही खूण विसरलो नाही. मी इतक्या काळजीने बोलत होतो की जणू तीच मदत होती. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, एकदा माझ्यापुढे म्हणून दाखवलं, “पंप सोडायचा, लिंबाखालून डावीकडे,” आणि विचारलं, “बरोबर?”

“बरोबर,” मी म्हटलं.

त्यांनी स्कूटर चालू केली. गेटमधून एक ट्रक आत येत होता, त्याच्यावर त्या जोरात ओरडल्या, “अंधा है क्या!” ट्रक थांबला, मागे सरकला. त्या बाहेर पडल्या, आणि सांवेरच्या दिशेने, एकट्या, वळल्या.